मुदतीच्या तापाची मुदत कशाची?

वर्षावासातले ग्रंथवाचन संपले की विहाराच्या पायरीवर पाच-दहा बायाबापड्या हमखास थांबतात आणि घरातल्या दुखण्याखुपण्याचे प्रश्न विचारतात. गेल्या पावसाळ्यात एका माउलीने प्लास्टिकच्या पिशवीतून कागदांची सुरळी काढली. चार कागद. चारही रक्ततपासणीचे, चारहींवर ‘विडाल’, आणि चारहींवर लाल पेनाने ‘पॉझिटिव्ह’.

“दादा, पोरीला वर्षात चौथ्यांदा टायफॉइड निघाला. दर वेळी पाच इंजेक्शनं न् दोन सलाईन. तिच्या अंगात ताकदच नाही का?”

धुणीभांडी करून आणलेले पैसे त्या चार कागदांत गेले होते. ‘अंगात ताकद नाही का’ या प्रश्नाचे उत्तर आम्ही तिला तिथेच उभ्याउभ्या दिले, पण ते पुरेसे नव्हते. म्हणून यावेळचे आरोग्याचे पान त्याच प्रश्नासाठी ठेवले आहे.

आपल्या आज्या टायफॉइडला ‘मुदतीचा ताप’ म्हणत. मुदत भरली की उतरणारा ताप. तीन आठवडे, कधी चार. त्या काळी औषध नव्हते. माणूस तगला तर मुदत संपून उठे, नाहीतर जाई. दहा रुग्णांत एक-दोन दगावत. ही मुदत कोणी ठरवली? जंतूने नव्हे. आपल्या शरीराला हा जंतू ओळखायला, त्याच्यासाठी शिपाई तयार करायला आणि त्याला त्याच्या लपण्याच्या जागेतून हुसकायला जेवढे दिवस लागतात, तेवढी ती मुदत.

या जंतूचे नाव साल्मोनेला टायफी. तो फक्त माणसात राहतो. गाई-म्हशींत नाही, कोंबड्यांत नाही, डासांत नाही. एका माणसाच्या विष्ठेतून निघायचे आणि पाण्यातून, अन्नातून, हातातून दुसऱ्याच्या तोंडात जायचे, एवढाच त्याचा प्रवास. म्हणजे टायफॉइड झालेल्या प्रत्येकाने नकळत दुसऱ्या कोणाची तरी घाण गिळलेली असते. वाचायला किळस येईल, पण हे स्पष्ट सांगितल्याशिवाय पुढचे कळत नाही.

पहिला पहारा जठरातल्या आम्लाचा. बरेचसे जंतू तिथेच मरतात. आम्लपित्ताच्या गोळ्या रोज उठून घेणाऱ्यांचा हा पहारा ढिला पडतो, हे जाता जाता लक्षात ठेवा. पण पहारा कितीही चोख असला तरी गर्दी किती येते यावर बरेच ठरते. अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यात साठच्या दशकात तुरुंगातल्या कैद्यांवर याचा प्रयोग झाला. त्यांना मोजून जंतू पाजले गेले. कैद्यांनी संमती दिली होती म्हणतात. गजाआडच्या माणसाची संमती किती मोकळी असते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. निकाल असा आला : हजार जंतू गिळणाऱ्यांपैकी कोणीच आजारी पडले नाही, एक लाख गिळणाऱ्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा पडला, एक कोटी गिळणाऱ्यांपैकी निम्मे पडले. हे सगळे धडधाकट, तरणेबांड पुरुष होते. तेव्हा ‘ज्याची प्रतिकारशक्ती चांगली त्याला टायफॉइड होत नाही’ ही समजूत अर्धवट आहे. नळाची पाइपलाइन गटारातून जात असेल, तर पैलवानाचीही प्रतिकारशक्ती तोकडी पडते.

शिपायाच्याच पोटात मुक्काम

जठरातून सुटलेले जंतू लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पोचतात. तिथे आतड्याच्या अस्तरात प्रतिकारक पेशींचे छोटे छोटे पुंजके असतात. आपल्या शरीराच्या चौक्याच म्हणा. आतड्यातून काय जाते-येते याचे नमुने घेणे हे त्यांचे काम. टायफॉइडचा जंतू नेमक्या याच चौकीच्या दारातून आत शिरतो.

आत भक्षक पेशी बसलेल्या असतात. परका जंतू दिसला की त्याला गिळायचे, पोटातल्या एका पिशवीत कोंडायचे आणि त्या पिशवीत पाचक रस ओतून त्याचा चुरा करायचा, ही त्यांची पद्धत. बहुतेक जंतू असे मरतात. टायफॉइडचा जंतू मात्र गिळला गेल्यावर सुईसारख्या बारीक नळीतून स्वतःची काही प्रथिने त्या पेशीत टोचतो आणि पाचक रसाची पिशवी आपल्यापर्यंत पोचूच देत नाही. मग तो त्याच कोठडीत आरामात वाढतो. ज्या शिपायाने पकडले, त्याच्याच पोटात मुक्काम.

दुसरी युक्ती त्याच्या अंगावरच्या पांघरुणाची. शर्करेसारख्या पदार्थाच्या लांब साखळ्यांचे हे पांघरूण. शास्त्रज्ञ त्याला ‘व्हीआय’ म्हणतात. जंतूच्या अंगावरचे जे भाग पाहून आपले शरीर एरवी लगेच आरडाओरडा करते, ते याच्याखाली झाकले जातात. याच कुळातले दुसरे साल्मोनेला जंतू शिळ्या मटणातून किंवा कच्च्या अंड्यातून पोटात गेले की एक-दोन दिवसांत जुलाब, उलट्या, कळा सुरू होतात. शरीराने आरोळी ठोकलेली असते आणि पांढऱ्या पेशींची झुंड आतड्यात धावलेली असते. तो आजार त्रासाचा, पण बहुतेकांचा चार-सहा दिवसांत आटोपतो. टायफॉइडमध्ये सुरुवातीला आरोळीच होत नाही. एक-दोन आठवडे माणूस कामाला जातो, जेवतो, झोपतो, आणि जंतू भक्षक पेशींच्या पोटात बसून यकृत, पाणथरी आणि हाडांच्या मगजापर्यंत पोचतात. भक्षक पेशींची मोठी वस्ती तिथेच असते ना! म्हणून बाधलेले अन्न आठवायला ‘काल काय खाल्लं?’ विचारून उपयोग नाही. दोन आठवड्यांमागचे पाणी आठवावे लागते.

तिथे पुरेसे वाढले की जंतू मोठ्या संख्येने रक्तात उतरतात. आता मात्र शरीराला पत्ता लागतो. पांढऱ्या पेशी काही रसायने रक्तात सोडतात, ती मेंदूला निरोप देतात आणि मेंदू शरीराची शेगडी वाढवतो. ताप एकदम चढत नाही. पहिल्या आठवड्यात पायरी पायरीने, रोज संध्याकाळी थोडा जास्त. डोके ठणकते, जीभ पांढरी होते, भूक मरते. कोणाला जुलाब, कोणाला उलट बद्धकोष्ठ. पोट साफ होत नाही म्हणून जुलाबाचे औषध देणारी घरे आम्ही पाहिली आहेत. टायफॉइडमध्ये ते धोक्याचे आहे. का, ते पुढे येईल.

खरी लढाई दुसऱ्या आठवड्यात पेटते. एव्हाना शरीराच्या काही पेशींनी जंतूचे तुकडे लसिकाग्रंथींमध्ये नेऊन ‘हा बघा चोर’ म्हणून दाखवलेले असतात. तिथे टी पेशी तयार होतात. लाखो टी पेशींतून नेमक्या याच जंतूला ओळखणाऱ्या थोड्या पेशी निवडायच्या आणि त्यांची पलटण वाढवायची, याला वेळ लागतो, आणि मुदतीतला मोठा हिस्सा यातच जातो. पलटण आली की ती इंटरफेरॉन गॅमा नावाचे रसायन सोडते. हे रसायन म्हणजे झोपलेल्या शिपायाच्या तोंडावर मारलेले पाणी समजा. भक्षक पेशी जाग्या होतात आणि पोटात बसलेल्या जंतूला अखेर मारू लागतात.

याच सुमाराला बी पेशींनी बनवलेली प्रतिद्रव्ये रक्तात दिसू लागतात. ती बाहेर फिरणाऱ्या जंतूंना चिकटतात आणि त्यांना पकडणे सोपे करतात. पण पेशीच्या आत दडलेल्या जंतूपर्यंत प्रतिद्रव्य पोचत नाही. तिथे टी पेशीच लागतात.

विडालचा कागद काय सांगतो

आता त्या माउलीच्या चार कागदांकडे येऊ. फर्नांद विडाल या फ्रेंच वैद्याने १८९६ साली ही तपासणी मांडली. ती जंतू शोधत नाही. जंतूविरुद्धची प्रतिद्रव्ये शोधते. कागदावरचे ‘ओ’ आणि ‘एच’ हे जंतूच्या अंगाचे दोन भाग. ‘ओ’ त्याच्या कातडीचा, ‘एच’ त्याच्या शेपटीचा. १:८०, १:१६० हे आकडे म्हणजे रक्त किती पट पातळ करूनही प्रतिद्रव्य सापडते, त्याचे माप.

पहिल्या आठवड्यात प्रतिद्रव्ये पुरेशी नसतात, म्हणून खरा टायफॉइड असूनही विडाल निगेटिव्ह येऊ शकते. उलट एकदा आजार होऊन गेला की ती प्रतिद्रव्ये महिनोन्‌महिने रक्तात राहतात. जिथे हा जंतू पाण्यातून अधूनमधून पोटात जातच असतो, अशा आपल्या वस्त्यांत ठणठणीत माणसाचीही विडाल १:८० येते, कधी त्याहून वर. साल्मोनेलाच्या दुसऱ्या जाती, मलेरिया आणि इतर काही तापांतही ती खोटी पॉझिटिव्ह येते. एका वेळच्या एका कागदावरून आजच्या तापाचे नाव ठरवणे म्हणजे घरात जुने बूट दिसले म्हणून चोर आत्ता घरातच आहे असे मानणे.

त्या मुलीच्या अंगात ताकद नव्हती, असे तो कागद सांगतच नव्हता. तिच्या शरीराने कधीतरी चोख काम केले होते, त्याची ती पावती होती. आणि त्या पावतीवर चार वेळा इंजेक्शने दिली गेली.

खात्रीची तपासणी म्हणजे रक्ताचे कल्चर. बाटलीत रक्त घालून जंतू उगवतो का ते पाहतात आणि उगवला तर कोणत्या औषधाने मरतो तेही कळते. दोन ते पाच दिवस लागतात. यातही उणीव आहे. रक्तात जंतू थोडे असतात आणि बरेचसे पेशींत दडलेले असतात, म्हणून साधारण निम्म्या खऱ्या रुग्णांतच ते सापडतात. मगजाचे कल्चर जास्त वेळा सापडवते, पण त्यासाठी हाडात सुई घालावी लागते. ते मोठ्या रुग्णालयाचे काम. तरीही प्रतिजैविकाचा पहिला डोस पोटात जाण्याआधी कल्चरसाठी रक्त घ्यायला डॉक्टरांना सांगा. महापालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात विचारायला लाजू नका. लहान मुलाचे ‘एवढं रक्त काढलं’ म्हणून आया घाबरतात. ते चार-पाच दिवसांत भरून निघते.

तिसरा आठवडा

पहिल्या चौक्या आठवतात ना, आतड्यातले पुंजके? लढाईत पेशींची गर्दी झाल्याने ते सुजतात. इतके सुजतात की त्यांच्या मधल्या भागाला रक्त पुरत नाही. तो भाग मरतो, गळून पडतो आणि तिथे व्रण होतो. हे काम जंतूपेक्षा आपल्या शरीराच्या लढ्याचेच. व्रण रक्तवाहिनीपर्यंत गेला तर रक्तस्राव होतो, शौच डांबरासारखे काळे येते. आरपार गेला तर आतड्याला भोक पडते आणि घाण पोटाच्या पोकळीत सांडते. उपचाराविना राहिलेल्या किंवा उशिरा आलेल्या रुग्णांत हे बहुधा तिसऱ्या आठवड्यात घडते. जुलाबाचे औषध, एनिमा, पोट चोळणे हे का टाळायचे, ते आता कळले असेल.

घरच्यांची फसगत होते ती इथे. एकदम जोराची पोटदुखी उठते, पोट फळीसारखे कडक होते, आणि त्याच वेळी ताप खाली येतो, अंगाला गार घाम फुटतो. घरचे म्हणतात, ‘उतरला बाई ताप.’ नाडी मात्र धावत असते. ही वेळ सकाळची वाट पाहण्याची नाही. रात्री दोन वाजता असेल तरी १०८ ला फोन करून शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. तासांचा प्रश्न असतो.

आज योग्य औषध वेळेवर मिळाले तर शंभरात एकही रुग्ण दगावत नाही. १९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉल टायफॉइडवर चालते हे दिसले आणि मुदतीची दहशत गेली. पुढे जंतू त्या औषधाला सरावले, मग सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या घराण्यालाही सरावले. २०१६ पासून पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात, हैदराबाद शहरापासून सुरू झालेल्या साथीत तर सेफ्ट्रायॅक्झोनचे इंजेक्शनही चालेना. अर्धवट डोस आणि गरज नसताना दिलेले डोस यांतूनच असे जंतू निवडले जातात. चार खोट्या टायफॉइडची इंजेक्शने ही एका घराच्या पैशाची बाब राहत नाही.

औषधाबाबत दोन गोष्टी वस्तीत सारख्या घडतात. पहिली : दोन दिवसांत ताप गेला नाही म्हणून डॉक्टर बदलणे. योग्य औषध सुरू झाल्यावरही ताप उतरायला तीन ते पाच दिवस, कधी आठवडा लागतो, कारण औषधालाही पेशींच्या आत जाऊन जंतू गाठायचा असतो. पाणी तोंडात टिकत नसेल, गुंगी येत असेल, पोट दुखत असेल तर अर्थातच थांबू नका. दुसरी : ताप गेल्यावर गोळ्या बंद करून उरलेल्या डब्यात ठेवणे. लपलेले जंतू दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बाहेर पडतात आणि ताप उलटतो. सलाईनची बाटली यात काहीच करत नाही. उलट्यांनी शरीर सुकले असेल तर तिचा उपयोग, एरवी ते मिठाचे पाणी. आणि लंघन तर नकोच. जिथे शरीर पेशींची पलटण उभी करते आहे तिथे तिची रसद तोडायची? मऊ भात, वरण, पेज, केळे, उकडलेले अंडे, ताक, जे पचेल ते थोडे थोडे द्या.

बरे झालेल्यांपैकी शंभरात दोन-पाच जणांच्या पित्ताशयात जंतू वर्षानुवर्षे राहतो, विशेषतः पित्ताचे खडे असतील तर. त्यांना काहीच त्रास होत नाही, शौचावाटे जंतू मात्र पडत राहतात. न्यूयॉर्कमधली आयरिश स्वयंपाकीण मेरी मॅलन ही अशीच. १९०७ साली तिला पकडून एका बेटावर ठेवले, १९१० ला सोडले, १९१५ ला पुन्हा पकडले आणि १९३८ साली मरेपर्यंत सोडले नाही. तिच्यासारखे वाहक शहरात शेकडो सापडले होते. जन्मभराची कैद त्या एकट्या, परदेशातून आलेल्या मोलकरणीला झाली. म्हणून वस्तीत कोणाला बोट दाखवू नका. टायफॉइड होऊन गेलेल्याने शौचाचे कल्चर करून घ्यावे, जंतू सापडला तर त्यावर लांब पल्ल्याचे औषध आहे. आणि विहारात भोजनदानाचा स्वयंपाक करणाऱ्या सर्वांनी, वाहक असोत नसोत, साबणाने हात धुऊन पिठाला हात लावावा.

आजार होऊन गेला तरी या जंतूविरुद्धचे संरक्षण कायमचे मिळत नाही. लशीने मिळते का? जुनी लस त्या शर्करेच्या पांघरुणाचीच होती. नुसती शर्करा टी पेशींना ओळखता येत नाही, त्यामुळे आठवण टिकत नसे आणि दोन वर्षांखालच्या बाळांत तर तिचा उपयोगच होत नसे. मग त्या शर्करेला धनुर्वाताच्या लशीतले प्रथिन जोडले. प्रथिन दिसताच टी पेशी मदतीला येतात आणि पांघरुणाचीच ओळख शरीराला पक्की होते. ज्याच्याखाली जंतू लपायचा, तेच आता त्याला पकडून देते. हैदराबादच्या भारत बायोटेकने बनवलेल्या या जोडलशीचा एकच डोस सहा महिन्यांपुढच्या बाळालाही देता येतो. नेपाळ, बांगलादेश आणि आफ्रिकेतल्या मलावीत झालेल्या चाचण्यांत तिने पाचांपैकी सुमारे चार आजार टाळले. आणि सरकारी मोहिमेतून ती जगात सर्वांत आधी दिली गेली ती आपल्याकडे, नवी मुंबईत. २०१८ साली महापालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षांच्या सुमारे १ लाख १३ हजार मुलांना ती टोचली. तुमच्या गावी ती मोफत मिळते का, हे आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंना विचारा. मिळत नसेल तर नगरसेवकाला नवी मुंबईचे उदाहरण सांगा.

लस असली तरी पाणी उकळायचेच. नळ तासभर येऊन जातो तेव्हा रिकाम्या पाइपात बाहेरची घाण ओढली जाते. म्हणून नळ आल्यावर पहिली दोन-तीन भांडी पाणी धुण्याला ठेवा, पिण्याचे नंतर भरा, ते खदखदून उकळा आणि झाकून ठेवा. पाइप गटारातून जात असेल तर चार घरांच्या सह्यांचा अर्ज करून त्याची पोच घ्या.

ती माउली दिवाळीनंतर पुन्हा भेटली. मुलीला पाचव्यांदा थंडी-ताप भरला तेव्हा तिने खाजगी दवाखान्याऐवजी महापालिकेचे रुग्णालय गाठले होते. तिथे रक्ताचा थेंब काचेवर घेतला, कल्चरची बाटलीही भरली. बाटलीत काही उगवले नाही. काचेवर मलेरिया निघाला. विडाल त्याही दिवशी १:१६० च होती. तो पाचवा कागद तिने सुरळीत सर्वांत वर ठेवला होता, आणि पायरीवर बसलेल्या दुसऱ्या एका बाईला आकडा वाचून दाखवत होती.